बीपीची गोळी मध्येच सोडणारे रुग्ण गेले कुठे? नागपुरातील एका शहरी आरोग्य केंद्रातले उन्हाळी संशोधन : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला संशोधनाची पहिली संधी बहुतेक वेळा आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेतून मिळते. मुलांच्या तोंडी तिचे नाव 'एसटीएस'. १९७९ पासून ही योजना चालू आहे. विद्यार्थ्याने एक प्रश्न घ्यायचा, महाविद्यालयातल्या एका पूर्णवेळ शिक्षकाच्या हाताखाली दोन महिने काम करायचे आणि अहवाल पाठवायचा. अहवाल मान्य झाला की प्रमाणपत्र आणि छात्रवृत्ती मिळते, त्याआधी नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, मिहानला एम्स आहे, खासगी महाविद्यालये आहेत, तासाभरावर सेवाग्रामचे महाविद्यालय आहे. अर्ज करणाऱ्या मुलांची वाण नाही.

पण विषय पाहिले की ते वॉर्डातले, आयसीयूतले किंवा प्रयोगशाळेतले निघतात. त्यात मुलांचा दोष नाही. मोठ्या रुग्णालयात रुग्ण खाटेवर सापडतो, केसपेपर हाताशी असतो, तपासण्यांचे आकडे संगणकावर असतात. आरोग्य केंद्रात यातले काहीच तयार नसते. तरीही सर्दीपासून साखरेपर्यंतचे बहुतेक आजार आधी तिथेच येतात किंवा तिथे यायला हवेत. भावी डॉक्टरांनी दोन महिने तिथे बसून एक प्रश्न नीट सोडवावा, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

विद्यार्थिनी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. मार्गदर्शक मॅडम कम्युनिटी मेडिसिनच्या, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या, मुले आजही ज्याला पीएसएम म्हणतात त्या विभागाच्या. मी त्याच विभागात शिकवते. मार्गदर्शक मी नव्हते, पण एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीच्या, कागदपत्रांपासून अहवालापर्यंत सगळे जवळून पाहिले. महाविद्यालय, केंद्र आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि संख्या मोघम ठेवल्या आहेत.

केंद्र शहराच्या कडेच्या एका दाट वस्तीत आहे. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ५०,००० लोकसंख्या असते. इथे एक वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, औषधनिर्माता, लॅब टेक्निशियन आणि वस्तीतल्या आशाताई एवढ्या मनुष्यबळावर ती सांभाळली जाते. तिशीपुढच्या लोकांचे रक्तदाब आणि मधुमेहासाठी स्क्रीनिंग होते. ज्यांचे बीपी १४०/९० च्या वर टिकून राहते त्यांची नोंदवहीत नोंद होऊन अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू होते आणि महिन्याला एकदा गोळी घ्यायला बोलावले जाते.

पहिला निर्णय : प्रश्न कोणता

विद्यार्थिनीने आधी आणलेला विषय दर वर्षी चार-पाच मुले आणतात तोच होता : 'शहरी झोपडपट्टीतील प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण आणि संबंधित घटक.' नमुन्याचे गणितही मांडून आणले होते. प्रमाण ५० टक्के धरले आणि ५ टक्के चूक चालवून घेतली, तर ४ गुणिले ५० गुणिले ५० भागिले ५ चा वर्ग, म्हणजे ४०० माणसे. गणित बरोबर होते. पण ४०० घरे, प्रत्येक ठिकाणी नीट घेतलेले बीपी (पाच मिनिटे शांत बसवून, हाताला आधार देऊन, दोनदा) आणि वर प्रश्नावली, हे एकट्या मुलीने दोन महिन्यांत करायचे होते. तेही वर्गांची हजेरी सांभाळून. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरीची अट कुणाला सुटत नाही.

मॅडमनी सरळ नाही म्हटले नाही. त्यांनी तिला आधी एक सकाळ केंद्रात बसून ये असे सांगितले. ती बसली आणि परत आली तेव्हा तिच्याकडे वेगळाच प्रश्न होता. सिस्टरच्या नोंदवहीत पानामागून पान नावे होती. पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या रकान्यांत बीपीचे आकडे होते आणि पुढचे रकाने कोरे. तिने सिस्टरला विचारले, "हे लोक कुठे गेले?" सिस्टर म्हणाल्या, "ते माहीत असतं तर आणलं नसतं का बाई."

तिथे तीन पर्याय होते. पहिला, मूळ सर्वेक्षण कमी नमुन्यावर करायचे. चूक १० टक्के धरली तर १०० माणसांत भागते, पण असल्या सर्वेक्षणाने केंद्राला नवे काहीच कळले नसते. दुसरा, नुसत्या नोंदवहीचा अभ्यास करून किती रुग्ण तुटले ते मोजायचे. हे सोपे आणि सुरक्षित होते, पण कारण कळले नसते. तिसरा, नोंदवहीतून तुटलेले रुग्ण काढायचे आणि त्यांनाच गाठून विचारायचे. मॅडमनी तिसरा घेतला. तीन महिने किंवा जास्त काळ न आलेली नावे सव्वाशेच्या घरात होती, त्यामुळे नमुना काढायची गरजच उरली नाही. सगळीच घ्यायची ठरली.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वात मोलाचा निर्णय हाच. प्रश्न त्या केंद्राच्या रोजच्या कामातून आला होता आणि उत्तर मिळाले तर ते वापरणारे माणूस समोर बसलेले होते.

अडचण : फोन कोणी करायचा

अर्ज गेला, निवड झाली. कागद एथिक्स कमिटीपुढे गेला आणि तिथे थांबला. कमिटीतल्या बाहेरच्या, वैद्यकीय नसलेल्या सदस्याने विचारलेला प्रश्न साधा होता. रुग्णाने आपला मोबाइल नंबर उपचारासाठी दिला आहे. तो नंबर घेऊन एक अनोळखी विद्यार्थिनी संशोधनासाठी फोन करणार असेल, तर रुग्णाने त्याला कधी हो म्हटले?

घरात फोन बहुधा एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. "आपण बीपीचे पेशंट आहात ना?" असे कुणी अनोळखी विचारले, की बाईचा आजार घरात फुटलाच. बीपीच्या बाबतीत हे फार गंभीर वाटणार नाही. पण हीच पद्धत उद्या टीबीच्या किंवा एचआयव्हीच्या यादीला लावली तर काय होईल, हे कमिटीच्या डोक्यात होते आणि ते योग्यच होते.

कमिटीने नकार दिला नाही, दुरुस्ती मागितली. तोडगा असा निघाला की पहिला संपर्क केंद्राचाच असेल. सिस्टर किंवा त्या भागातली आशाताई रुग्णाला नेहमीप्रमाणे "गोळ्या घ्यायला आला नाहीत" म्हणून निरोप देईल. मेडिकलच्या शिक्षणाची एक मुलगी भेटू इच्छिते, चालेल का, हे तीच विचारेल. रुग्ण हो म्हणाला तरच नाव आणि पत्ता विद्यार्थिनीकडे येईल. माहितीपत्रक मराठी आणि हिंदी दोन्हींत तयार झाले. पहिला मसुदा इतका पुस्तकी होता की आशाताईंनी वाचून विचारले, "हे कोर्टाचं आहे का?" मग तो पुन्हा लिहिला.

या सगळ्यात तीन आठवडे गेले. कामाला सुरुवात झाली तेव्हा मेचा दुसरा आठवडा उजाडला होता.

दुसरा निर्णय : मे महिन्यात घरोघर जायचे का

नागपूरचा मे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्ते ओस, घराघरात कूलरची घरघर. पुढे नवतपा, म्हणजे मेअखेरीपासूनचे कडक उन्हाचे नऊ दिवस, उभा. भर दुपारी बाहेर पडू नका, असे महापालिकाच बजावत असते. अशात विद्यार्थिनीला उन्हात पाठवणे मॅडमना मान्य नव्हते, आणि मलाही.

काम पावसाळ्यावर ढकलले असते, तर योजनेचे दोन महिने आणि अहवालाची मुदत हातची गेली असती. सगळे फोनवर उरकले असते, तर ज्यांचा नंबर बंद किंवा दुसऱ्याचाच आहे तेच सुटले असते, आणि शोधायचे तर तेच लोक होते. संध्याकाळी गेले तर पुरुष भेटले असते, पण मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता आणि आशाताईंच्या घरी तेव्हा स्वयंपाक असतो. शेवटी वेळापत्रक ठरवले वस्तीच्या नळाने. तिथे सकाळी नळ येतो, बाया पाणी भरायला घरीच असतात आणि धुण्याभांड्याच्या कामाला निघायच्या आत तासभर बोलता येते. म्हणून सकाळी ७ ते १० भेटी, दुपारी महाविद्यालयात बसून नोंदी आणि, रुग्णाला चालत असेल तर, फोन. रोज निघताना पाणी, ओआरएस आणि डोक्याला दुपट्टा या गोष्टी मॅडम स्वतः विचारत.

यात एक गोष्ट राहून जाते आणि ती मला खटकते. आशाताईंना पगार नसतो, कामानुसार मोबदला मिळतो. विद्यार्थिनीसोबत फिरण्याचा मोबदला कुठल्याच यादीत नव्हता. अभ्यासाला वेगळा खर्चनिधीही नव्हता. म्हणून ठरले की आशाताई प्रत्येक गल्लीत एकदाच येतील, ओळख करून देतील, आणि पुढे विद्यार्थिनी आपल्या वर्गमैत्रिणीला घेऊन जाईल.

यादी उलगडू लागली तेव्हा

पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले की नोंदवहीतले 'न आलेले' आणि प्रत्यक्षात उपचार सोडलेले हे एक नव्हेत. एक बाई दोन पानांवर होती, एकदा माहेरच्या आडनावाने आणि एकदा सासरच्या. पहिल्या पानावर ती बेपत्ता, दुसऱ्यावर नियमित. काही जण कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमधून तीच गोळी विकत घेत होते. काही छत्तीसगडकडचे मजूर होते, लग्नसराईत गावी गेलेले, आणि घराला कुलूप. काहींचा मृत्यू झाला होता आणि नोंदवहीला त्याचा पत्ता नव्हता.

विद्यार्थिनी घाबरली. तिला वाटले अभ्यासच कोसळला. ही नावे यादीतून काढून टाकावीत का, असे तिने विचारले. मॅडम म्हणाल्या, काढायची नाहीत, हीच तर माहिती आहे. त्यांनी प्रत्येक नावापुढे स्थिती लिहायला लावली : दुबार नोंद, दुसरीकडून औषध घेतो, स्थलांतरित, मृत, गाठता आला नाही, आणि खरोखर औषध बंद. हा बदल मूळ आराखड्यात नव्हता, म्हणून कमिटीला दुरुस्तीचे पत्र गेले. उत्तर येईपर्यंत विद्यार्थिनीने घरभेटी थांबवल्या आणि फक्त नोंदवहीचे काम केले. दहाएक दिवस त्यात गेले, पण वाया गेले नाहीत. नोंदवहीतली प्रत्येक ओळ तिला तेव्हाच पाठ झाली.

एक सकाळ

प्रश्नावलीसोबत बीपी मोजायचेच, असा मॅडमचा आग्रह होता, आणि बीपी फार जास्त निघाले तर काय करायचे तेही आधी लिहून ठेवले होते. १८०/११० किंवा वर असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचे. छातीत दुखणे, दम लागणे, नजर अंधारणे, एका अंगाला कमजोरी, बोलणे अडखळणे यांपैकी काही असेल तर वेळ न घालवता मोठे रुग्णालय. यांपैकी काही नसेल तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवायचे.

नवतप्याच्या सुरुवातीच्या एका सकाळी एका पंचेचाळिशीच्या बाईंचे बीपी १९० च्या वर आले. पुन्हा मोजले, तेच. तक्रार कसलीच नाही. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. बाई म्हणाल्या, "मले काहीच होत नाही न बाई. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मंग गोळी कायले खाऊ? आन आता तं पोरीचं लगन हाय, दवाखान्यात जायले टाइम कोनाले हाय?"

विद्यार्थिनीकडे प्रश्नावलीची अर्धी पाने कोरी होती. तिने ती बंद केली आणि बाजूला ठेवली. वैद्यकीय अधिकारी सरांना फोन लावला, त्यांनी ओपीडी सुटायच्या आत आणायला सांगितले. बाई उठायला तयार नव्हत्या. तिथे आशाताईंनी जे केले ते आमच्या कुठल्याही माहितीपत्रकाला जमले नसते. त्या म्हणाल्या, "अवो, मांडवात पडलीस तं पोरीले कोन पाहील? चाल, मी येतो सोबत. अर्ध्या घंट्यात परत." बाई गेल्या. सरांनी तपासले, गोळी पुन्हा सुरू केली आणि आठवड्याने बोलावले. त्या आल्या.

उरलेली प्रश्नावली विद्यार्थिनीने त्या आठवड्यानंतर, पुन्हा विचारून, भरून घेतली. त्या दिवशीच भरली असती तर बाईंनी डॉक्टरांना बरे वाटावे अशी उत्तरे दिली असती, असे मला वाटते. शिवाय त्या क्षणी बाईंना आपल्या अभ्यासाच्या कामाला लावणे बरोबर नव्हते. विद्यार्थ्याला हा फरक वर्गात सांगून कळत नाही.

तिसरा निर्णय : अहवाल आधी कुणाला दाखवायचा

जुलैत मसुदा तयार झाला तेव्हा वैद्यकीय अधिकारी सर अस्वस्थ झाले. दुबार नोंदी, मृतांची नावे, कोरे रकाने, हे वर गेले तर खुलासा त्यांनाच द्यावा लागणार. त्यांची भीती खोटी नव्हती. पण निष्कर्ष गाळणेही शक्य नव्हते.

मॅडमनी मसुदा पाठवण्याआधी सरांसमोर आणि सिस्टरसमोर बसून वाचला. अट स्पष्ट होती : तथ्य चुकले असेल तर दुरुस्त करू, नको असलेले म्हणून काढणार नाही. केंद्राचे नाव अहवालात येणार नव्हतेच. सिस्टरने दोन ठिकाणी खरेच चूक दाखवली. काही रुग्ण कोरे दिसत होते, कारण मधल्या काळात त्यांच्या नोंदी मोबाइल अॅपवर गेल्या होत्या, वहीत नाही. ती दुरुस्ती झाली नसती तर अहवालाने केंद्रावर अन्याय केला असता.

निष्पत्ती

अहवाल मुदतीत गेला आणि मान्य झाला. औषध खरोखर बंद करणाऱ्यांत सर्वांत जास्त ऐकू आलेले कारण मांडववाल्या बाईंचेच होते : त्रास नाही, मग गोळी कशाला. दुसरे कारण वेळेचे. ओपीडी सकाळची आणि रोजीही सकाळची. एका फेरीत अर्धा दिवस गेला की रोजी बुडते, आणि पंधराच दिवसांची गोळी हाती पडली तर महिन्यातून दोनदा बुडते.

केंद्राने लगेच करता येण्यासारख्या गोष्टी केल्या. साठा असेल तेव्हा पूर्ण महिन्याची गोळी द्यायला सुरुवात झाली. दर भेटीला मोबाइल नंबर पुन्हा विचारला जातो. आडनाव बदललेल्या बायकांच्या नोंदी शोधून एक केल्या. बीपीसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ ओपीडी ठेवावी ही सूचना मात्र केंद्राच्या हातची नव्हती. त्यासाठी मनुष्यबळाची मंजुरी वरून लागते. पत्र गेले आहे, उत्तर नाही.

अभ्यासाची मर्यादा विद्यार्थिनीने स्वतःच ठळक लिहिली. कुलूपबंद घरांतले मजूर गाठता आले नाहीत, आणि बहुधा सर्वांत आधी तुटणारे तेच. म्हणून मिळालेली कारणे मुख्यतः वस्तीत टिकून राहणाऱ्यांची, त्यातही सकाळी घरी असणाऱ्या बायकांची आहेत. पुरुषांबद्दल हा अभ्यास फार काही सांगू शकत नाही.

वेगळे काय करता आले असते

नोंदवहीतली दहा नावे अर्जाआधीच, केंद्राच्या मदतीने तपासून पाहिली असती, तर दुबार नोंदींचा घोळ हिवाळ्यातच कळला असता आणि मधले दुरुस्तीपत्र वाचले असते. एथिक्स कमिटीच्या बैठकीच्या तारखा बहुतेक ठिकाणी आधी माहीत असतात. निवडीची वाट न पाहता कागदपत्रे तयार ठेवली, तर घरभेटी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, ऊन चढायच्या आत, पार पडतात. पुरुषांसाठी रविवारची सकाळ राखून ठेवता आली असती.

आशाताईंच्या मोबदल्याचा विचार अर्ज लिहितानाच व्हायला हवा. योजनेत सोय नसेल तर विभागाने ती आपल्या निधीतून करावी. त्यांच्याशिवाय हा अभ्यास दुसऱ्या आठवड्यापुढे गेला नसता. अहवालात त्यांचे आभार आहेत, पण आभाराने रिक्षाभाडे निघत नाही.

आणि केंद्राच्या लोकांना मसुदा शेवटी नव्हे, मध्येच दाखवावा. अॅपवरच्या नोंदींची गोष्ट सिस्टरला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तिला कुणी विचारले नव्हते.

यंदा दोन मुले त्याच केंद्रात काम करू इच्छितात. एकाला मधुमेहाची नोंदवही हवी आहे, दुसरीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत वाहक निघालेल्या तरुणांचा पाठपुरावा करायचा आहे. दोघांनाही आधी सिस्टरशेजारी एक सकाळ बसून यायला सांगितले आहे.